एकदा लिहू, जन्मभर वापरू

संग्रामपुरात कॉम्प्युटरवर पोट भरणाऱ्या माणसाला तीन गोष्टी यायलाच पाहिजेत, असा लोकांचा समज आहे. प्रिंटर का अडला, मोबाईल का तापतो आणि पीक विम्याचे पैसे खात्यात कधी पडणार. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. सुरुवातीला आमच्या गल्लीचा यावर विश्वासच नव्हता. समोरच्या काकूंनी आईला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "काढून टाकलं काय वो त्याले?" पुढे मी एकांच्या प्रिंटरमधला अडकलेला कागद ओढून काढला, तेव्हा कुठे माझ्या नोकरीवर शिक्कामोर्तब झालं.

तेव्हापासून बसस्टँडजवळ सेवा केंद्र चालवणारे भाऊ मला फोन करतात. वेळ ठरलेली. मी मीटिंगमध्ये असतो तेव्हाची.

"या बरं जरा. झिप उघडू नाही राह्यली."

जाऊन पाहावं तर भाऊंच्या खुर्चीमागे गर्दी. पेनड्राइव्हवर एक झिप. ती उघडली की आत रार. रारच्या पोटात आणखी एक झिप, तिचं नाव 'फायनल नवीन फायनल'. तिच्यात वर्डची फाईल, आणि त्या वर्डमध्ये मोबाईलने काढलेला सातबाऱ्याचा फोटो, आडवा. फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठा. एवढ्या बंदोबस्तात लोक सोनं ठेवत नाहीत.

"एवढं एकात एक कोंबलं कशाले?" मी विचारलं.

"साइज कमी कराले," भाऊ म्हणाले. कुठल्याशा अर्जाचा नियम होता की सगळी कागदपत्रं एकाच झिपमध्ये पाहिजेत, आणि ती दोन एमबीच्या आत. फोटो एकटाच पाचचा. "एकदा झिप केली तं पाच. झिपची रार केली तं पाच. मंग रारची झिप करून पाह्यली."

आता जेपीजी फोटो हा आधीच दाबून बसवलेला असतो. त्याला पुन्हा दाबायला गेलं तर तो फारसा लहान होत नाही, उलट कधी कधी काही बाइटांनी वाढतो, कारण वरच्या वेष्टणाचंही वजन धरावं लागतं. हे मी फळ्यावर लिहिल्यासारखं समजावून सांगितलं. भाऊंनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग चौथ्यांदा करू काय?"

त्या क्षणी मी ठरवलं की आता एक कोड लिहायचं. झिप, रार, टार, सेव्हन-झिप, काय येईल ते उघडणारं. केंद्रात चालेल, कंपनीत चालेल, उद्या दुसऱ्या कुणाला लागलं तर त्यालाही चालेल. एकदाच लिहायचं आणि जन्मभर वापरायचं. ज्याला पुन्हा हात लावायला नको असं.

प्रोग्रॅमर जमातीला हा आजार जन्मजात असतो. दुसऱ्याचं कोड वाचलं की आम्हाला शिसारी येते, आणि आपलं कोड सगळ्या जगाने वापरावं अशी तळमळ असते. जगातला प्रत्येक प्रोग्रॅमर म्हणतो की मी असं लिहीन की पुन्हा कुणाला लिहावं लागणार नाही. म्हणून तर तीच गोष्ट करणारी शेकडो कोडं पडलेली आहेत, आणि त्यातलं प्रत्येक शेवटचं म्हणूनच लिहिलेलं आहे.

भाऊंना हवं होतं एवढंच की फाईल दिली आणि ती उघडली. पण 'पुन्हा पुन्हा वापरता येईल असं' म्हटलं की एवढ्याशाने भागत नाही. फाईल डिस्कवरून येईल, नेटवरून येईल, नुसती मेमरीत असेल. उघडताना टक्के दाखवायचे का? मध्येच रद्द केलं तर अर्धवट उघडलेलं पुसायचं का? त्याच नावाची फाईल आधीच असेल तर तिच्यावर लिहायचं, की शेजारी ठेवायची, की विचारायचं? आणि विचारायचं तर कोणाला? एक फाईल उघडायला माझ्या कोडला अकरा गोष्टी सांगाव्या लागायला लागल्या. त्यातली नववी कशासाठी ठेवली होती हे मला आज सांगता येणार नाही, पण ती दिली नाही तर पुढचं काहीच हलत नाही.

बायको रात्री डोकावली. "उघडली का झिप?"

"उघडायचा प्रश्न अजून आलेला नाही. पाया चाललाय."

"घराच्या पायाला पण एवढे दिवस लागले नव्हते," ती म्हणाली आणि लाईट बंद करून गेली.

पाया घालायचा तर आधी ही झिप आली कुठून हे पाहावं म्हणून मी इतिहासात शिरलो. प्रोग्रॅमरला काम टाळायचं असलं की तो इतिहासात शिरतो. तिथे भेटले फिल कॅट्झ, अमेरिकेतल्या मिलवॉकीचे. त्यांच्या आधी, १९८५ च्या सुमारास, थॉम हेंडरसन यांच्या छोट्या कंपनीने 'आर्क' नावाची फायली बांधायची पद्धत काढली होती. कॅट्झना ती मंद वाटली. त्यांनी तीच गोष्ट स्वतः नव्याने लिहून जास्त वेगवान केली. १९८८ मध्ये हेंडरसन कोर्टात गेले. तपासणाऱ्या तज्ज्ञाला दिसलं की दोन्हीकडच्या कोडमधले शेरे सारखे, आणि शेऱ्यांमधल्या स्पेलिंगच्या चुकाही सारख्या! दुसऱ्याने लिहिलेलं परत वापरण्याचा इतका प्रामाणिक नमुना मी दुसरा पाहिला नाही. प्रकरण तडजोडीने मिटलं, आणि कॅट्झ यांनी १९८९ मध्ये आपली स्वतंत्र पद्धत आणली. तीच झिप. तिची रचना त्यांनी जगाला खुली करून दिली, पण प्रत्येक झिपच्या सुरुवातीला आपली आद्याक्षरं, 'पी' आणि 'के', तेवढी बसवून ठेवली. कॅट्झ २००० साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले. ती दोन अक्षरं अजून रोज जन्माला येतात.

ही अक्षरं आपल्या रोजच्या वर्ड फाईलमध्येही असतात, हे मी केंद्रात सांगितलं तेव्हा कुणाला पटलं नाही. म्हणून भाऊंच्याच एका रहिवासी दाखल्याच्या वर्ड फाईलच्या नावाचं शेपूट खोडून तिथे 'झिप' लिहिलं आणि डबल क्लिक केलं. दाखला नाहीसा झाला. आत फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, एका कोपऱ्यात तालुक्याच्या शिक्क्याचं चित्र सुटं पडलेलं. आजची वर्डची फाईल म्हणजे आतून झिपच. एक्सेल झिप, मोबाईलवरचं ॲप झिप, ई-पुस्तक झिप.

भाऊ बराच वेळ स्क्रीनकडे पाहत होते. "म्हंजे इथलोक मी झिपच्या झिपची झिपच करू राह्यलो होतो?"

मागे उभ्या असलेल्या आजोबांनी विचारलं, "माहा दाखला कुठी गेला पण?"

मग कोडला सुरुवात केली आणि पहिलीच ठेच लागली. झिपची अनुक्रमणिका पहिल्या पानावर नसते. ती अगदी शेवटी असते. आतमध्ये कोणती फाईल कुठे आहे हे सांगणारा तक्ता शेपटाला, आणि तो तक्ता कुठे आहे हे सांगणारी कमीत कमी बावीस बाइटांची चिठ्ठी त्याच्याही मागे. फ्लॉपीच्या काळात हे सोयीचं होतं. जुन्या फायलींना हात न लावता शेवटी नवी जोडायची आणि तक्ता पुन्हा लिहायचा. पण कॅट्झ यांनी संग्रामपूर पाहिलेलं नव्हतं. सातपुड्याच्या पायथ्याशी ढग आला तरी रेंज जाते, आणि रेंज नसली गेली तर लाईट जाते. डाउनलोड नव्व्याण्णव टक्क्यांवर थांबतं. सगळी कागदं आलेली असतात, फक्त शेवटची चिठ्ठी येत नाही, आणि कॉम्प्युटर म्हणतो, ही झिपच नाही.

"नव्व्याण्णव टक्के आली तं नव्व्याण्णव टक्के उघडाले काय होते?" भाऊंचा प्रश्न. तो अत्यंत रास्त असल्यामुळे मी चहा मागवला.

दुसरी ठेच मराठीची. झिप जन्मली तेव्हा फायलींची नावं आयबीएमच्या जुन्या अक्षरसंचात लिहायची पद्धत होती. त्यात इंग्रजी होतं, थोडं युरोप होतं, ग्रीक होतं आणि चौकटी आखायच्या रेघा होत्या. पुढे युनिकोडची सोय झाली, पण त्यासाठी झिपमधला एक छोटासा बिट चालू करावा लागतो. तो चालू करायला जो प्रोग्रॅम विसरतो, त्याच्या झिपमधली मराठी नावं समोरच्याकडे जुन्या संचात उघडतात. देवनागरी अक्षराचे तीन बाइट असतात. पहिला बाइट न चुकता ग्रीक अल्फा होतो. दुसरा डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश एन. तिसऱ्याचं नशीब वेगवेगळं. 'सातबारा' मधल्या 'सा'चं पाहा: अल्फा, एन, चौकटीचा कोपरा; पुन्हा अल्फा, एन, चौकटीचा दुसरा कोपरा.

वरच्या कार्यालयात पाठवलेली अशी एक फाईल परत आली. शेरा होता, 'परदेशी भाषेतील कागदपत्रे स्वीकारली जाणार नाहीत'. ज्यांचा सातबारा होता ते मामा खवळले. "चार पिढ्यांपासून जमीन माही, आता परदेशी?"

"फाईलचं नाव इंग्रजीत ठेवा," मी म्हणालो.

त्यांनी ठेवलं. स्पेलिंग पाहून वाटलं, अल्फा बरा होता.

तारखांचं तर विचारूच नका. झिपचं कॅलेंडर १९८० साली सुरू होतं. त्याआधी जग होतं हे तिला मान्य नाही. शिवाय ती मूळ नोंदीत दोन-दोन सेकंदांनी मोजते, त्यामुळे विषम सेकंदाला झिपमध्ये काहीही घडत नाही. एखाद्या प्रोग्रॅमने तारखेच्या जागी नुसती शून्यं भरली, तर महिना शून्य आणि दिवसही शून्य होतो. वाचणारे काही प्रोग्रॅम मग मागे मोजत जाऊन ३० नोव्हेंबर १९७९ ही तारीख काढतात. माझ्या कोडने एका मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर हीच तारीख दाखवली. तिची आई म्हणाली, "त्या साली तं माहं लग्न बी झालं नोतं." कोडला सांगायच्या अकरा पर्यायांत आता बारावा आला.

रारचं प्रकरण आणखी न्यारं. १९९३ साली युजीन रोशाल यांनी ती काढली. उघडण्याचं कोड ते सगळ्यांना देतात, पण त्यावरून रार बांधणारं कोड बनवायचं नाही अशी अट आहे. उघडा खुशाल, बांधायची आम्हीच. आणि त्यांचा विनरार चाळीस दिवस फुकट वापरायला मिळतो. एकेचाळिसाव्या दिवशी तो नम्रपणे सांगतो की आता विकत घ्या, आणि मग नेहमीसारखा चालू लागतो. भाऊंच्या कॉम्प्युटरवर त्याचे चाळीस दिवस चालू होते तेव्हाचं केंद्राचं भाडं आता दुप्पट झालंय. खिडकी आली की भाऊ ती बंद करतात, आणि तिच्याशी दोन शब्द बोलूनच बंद करतात: "देऊ बाप्पा, देऊ."

यानंतर मी सुरक्षेकडे वळलो, म्हणजे घाबरलो. जगात बेचाळीस केबीची एक झिप आहे. तिच्यात झिपा, त्यांच्यात झिपा, आणि शेवटपर्यंत उघडत गेलं तर साडेचार पेटाबाइट माल बाहेर येतो. भाऊंची हार्ड डिस्क पाचशे जीबीची, त्यातली निम्मी लग्नाच्या व्हिडिओंनी भरलेली. दुसरा प्रकार त्याहून लबाड. फाईलच्या नावातच 'एक पायरी वर, आणखी एक पायरी वर' असं लिहून ठेवायचं, म्हणजे ती उघडताना आपल्या फोल्डरमधून उठून दुसऱ्याच्या घरात जाऊन बसते. २०१८ मध्ये स्निक नावाच्या कंपनीने दाखवून दिलं की ही फट हजारो प्रकल्पांत आहे. कारण मोठं गमतीचं होतं. विशेषतः जावामध्ये हे काम करणारं सर्वांचं एक कोड नव्हतं, म्हणून जो तो एकमेकांचे चार ओळींचे तुकडे उतरवून घेत होता. तुकड्यात फट होती, फटीसकट उतरवलं. म्हणजे लोक दुसऱ्याचं वापरतात. फक्त जे वापरावं म्हणून लिहिलेलं असतं ते सोडून.

आणि वापरावं म्हणून लिहिलेलं होतंच. हे मला फार उशिरा, म्हणजे माझं कोड अर्ध्यावर आल्यावर कळलं असं मी कंपनीत सांगतो. खरं म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. १९९५ मध्ये ज्याँ-लू गायी आणि मार्क ॲडलर यांनी 'झेडलिब' लिहिलं. झिपमधलं दाबण्या-सोडण्याचं काम करणारं ते कोड आज मोबाईलपासून ब्राउझरपर्यंत कुठे नाही ते विचारा. टिम किंट्झले यांनी २००३ च्या सुमारास 'लिबआर्काइव्ह'ला हात घातला. टार, झिप, सेव्हन-झिप, बरंचसं रार, सगळं एकाच दारातून. २०२३ मध्ये तर खुद्द मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये रार आणि सेव्हन-झिप उघडायला तेच घेतलं. त्यांनी म्हटलं नाही की आम्ही आमचं लिहू. त्यांच्याकडे पगारी माणसं आहेत, त्यांना वेळ नसतो. मला होता.

पण फुकटच्या कोडचं एक आहे. आमच्याकडे लग्नाकार्याला गावकीची भांडी असतात. मोठाले गंज, पराती, झारे. कार्य कुणाचंही असो, भांडी तीच, आणि खोलीची किल्ली एका माणसाकडे. तो मोजून देतो, मोजून घेतो, करपलेला गंज स्वतः घासतो. त्याचं नाव लग्नपत्रिकेत कधी येत नाही, पण एक झारा कमी पडला की भरमांडवात त्याच्या नावाचा पुकारा होतो. 'एक्सझेड' नावाच्या, फायली दाबणाऱ्या भांड्याची किल्ली अशीच बरीच वर्षं फिनलंडच्या लासे कॉलिन यांच्याकडे होती. बिनपगारी. २०२२ मध्ये ते थकलेले होते आणि तसं त्यांनी सांगितलंही. तेवढ्यात काही मंडळी मागे लागली: काम हळू चाललंय, दुसऱ्याला द्या. त्यात एकाने नाव घेतलं होतं जिगर कुमार. हा जिगर कोण, हे कुणालाच कळलेलं नाही. आणि शेजारीच जिया टान नावाचा एक कामसू भिडू उभा होता, आधीपासून गंज घासू लागणारा. किल्ली हळूहळू त्याच्याकडे गेली. २०२४ च्या सुरुवातीला त्याने भांड्यात असा चोरकप्पा बसवला की जगभरच्या लिनक्स मशीनमध्ये गुपचूप शिरता आलं असतं. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. मशीनमध्ये लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो खोदत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं जगासमोर मांडलं.

अर्धा सेकंद! आमच्या केंद्रात एक पान उघडायला इतका वेळ लागतो की माणूस समोरून तूरडाळीचा भाव विचारून येतो. संग्रामपुरात हा चोरकप्पा सुखाने म्हातारा झाला असता.

हे सगळं वाचल्यावर शहाण्या माणसाने लिबआर्काइव्ह घेतलं असतं आणि झोपला असता. मीही घेतलं. पण नुसतं घेतलं तर आपला हात कुठे दिसणार? म्हणून त्याच्यावर माझं वेष्टण चढवलं, बारा पर्यायांसकट. ते पुण्याच्या सहकाऱ्याला अभिमानाने दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे, फक्त वापरायला जरा किचकट आहे." आणि त्याने माझ्या वेष्टणावर एक सोपं वेष्टण चढवलं. त्याच्या वेष्टणाला एकच गोष्ट सांगावी लागते, फाईलचं नाव. ते कंपनीत सगळे वापरतात. त्याला बढती मिळाली.

भाऊंच्या कॉम्प्युटरवर मात्र मी माझंच बसवून दिलं. आठवडाभराने गेलो तर ते उजवं बटण दाबून विनरारनेच फाईल काढत होते. "तुमचं बी चांगलं हाये," ते घाईघाईने म्हणाले. "पण ते लय विचारते."

तेवढ्यात एक ठेकेदार आत आले. त्यांची निविदा भरायची मुदत त्याच रात्री संपत होती आणि अर्धी कागदं अजून तयार व्हायची होती. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही झिपचं काम करता म्हणे. न उघडणारी झिप बनवता येते काय? भरलेली तं दिसली पाहिजे, पण उघडली नाही पाहिजे. मंग ते आपल्याले फोन करतीन, पुन्हा पाठवा म्हणतीन, तेवढ्यात कागदं होऊन जातीन."

मी सांगितलं की असलं काम मी करत नाही. झिप उघडण्यासाठी असते, शिवाय त्यात फसवणूकही आहे. बोलता बोलता मला शेवटच्या बावीस बाइटांची चिठ्ठी आठवली, पण मी तोंड मिटून बसलो.

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी ठेकेदारांचा पेनड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, हिरवी पट्टी नव्व्याण्णववर येऊ दिली आणि पेनड्राइव्ह उपटून त्यांच्या हातात ठेवला. "घ्या. दहा रुपये."

ही युक्ती आता तालुकाभर चालते. जळगाव जामोदच्या एका केंद्रवाल्याने परवा मलाच ती शिकवली, आणि वर म्हणाला, "एकदा शिकून घ्या साहेब, जन्मभर कामी येते."